मापं माझ्याकडे

३ फेब्रुवारी, सोमवार

गटाचा प्रमुख मी आहे. मॅडमनी दुपारी सगळ्या वर्गासमोर याला दुजोरा दिला. त्यांचे शब्द असे होते: तू दाराजवळ बसला आहेस, तर तिघांची नावं तूच ऑफिसात देऊन ये. याहून स्पष्ट काय सांगायचं असतं?

बाकीचे दोघं. एक मुलगी, तिला सगळे कात्री म्हणतात. पुठ्ठा, फोम आणि समोरच्याचं बोलणं सारख्याच सफाईनं कापते. दुसरा घड्याळ. कुठेही वेळेआधी पोचतो आणि वेळेवर आलेल्यांकडे उशीर झाल्यासारखं बघतो. दोघं तसे बरे आहेत. सांभाळून घेईन.

काम: एका फिजिओथेरपी क्लिनिकच्या वेटिंग रूमसाठी खुर्ची. तिथे गुडघे, कंबर, खुबे दुखणारी वयस्कर माणसं येतात. सध्याच्या खुर्च्यांतून त्यांना उठता येत नाही. बरं व्हायला येतात आणि नंबर येईपर्यंत आणखी आखडतात. मार्चअखेर खरी, बसता येईल अशी खुर्ची क्लिनिकमध्ये नेऊन ठेवायची आहे.

वर्ग सुटल्यावर मॅडमनी मला थांबवून सांगितलं की तुझा मागच्या सत्राचा डिझाइन स्टुडिओ हा विषय राहिलेला आहे, हाही राहिला तर वर्ष परत करावं लागेल. मी म्हटलं, कल्पना आहे. त्या म्हणाल्या, आहे ना नक्की? मी म्हटलं, हो. आत काही हललं नाही. मोठ्या कामाआधी माणूस असाच शांत असतो.

४ फेब्रुवारी, मंगळवार

पहिली मीटिंग. मी व्हिजन मांडली. सुरुवात केली की बसणं म्हणजे नेमकं काय? कात्री म्हणाली, उभं नसणं. पुढे?

पुढचं मी राखून ठेवलं आहे.

घड्याळनं कामं वाटली. मी वाटू दिली. मॉडेल आणि जोड कात्रीकडे. लाकूड, वर्कशॉप आणि तारखा घड्याळकडे. मापं माझ्याकडे. क्लिनिकमध्ये जाऊन पेशंटांची मापं घ्यायची: जमिनीपासून गुडघ्याच्या मागच्या खाचेपर्यंतची उंची, मांडीची लांबी, बसल्यावर कोपर कुठे येतं ते. पूर्ण खुर्ची या आकड्यांवर उभी राहणार. म्हणजे इमारत त्यांची, पाया माझा.

संकल्प: उद्यापासून सकाळी सहाला उठणे. चालायला जाणे. आंघोळ. मग क्लिनिक.

५ फेब्रुवारी, बुधवार

उठलो तेव्हा क्लिनिकची सकाळची वेळ संपली होती. ही वेळ त्यांनी कोणाला विचारून ठरवली?

७ फेब्रुवारी, शुक्रवार

सहाचा गजर फार लवकरचा होता. शरीराला धक्का देऊन उपयोग नाही. सोमवारपासून साडेसात.

बसण्याचा अभ्यास करायचा तर आधी पडणं समजून घेतलं पाहिजे. दिवसभर त्यावर काम केलं. छताला कोपऱ्यात एक भेग आहे. पडदा उघडल्यावर ती दिसत नाही, म्हणून उघडला नाही.

ताईचा फोन. काय करतोस? म्हटलं, रिसर्च. जेवलास का? म्हटलं, हो. काय जेवलास? म्हटलं, तू ताई आहेस की इन्स्पेक्टर? ती हसली. म्हणाली, बाबा विचारत होते, हे शेवटचं वर्ष ना? मी म्हटलं, अर्थात. ती म्हणाली, मी तसंच सांगितलंय, मला तोंडघशी पाडू नकोस.

जेवलो असेन. ताट धुतलेलं दिसतंय.

१० फेब्रुवारी, सोमवार

घड्याळनं विचारलं, मापं? सांगितलं, चालू आहेत. तो म्हणाला, कुठवर? मी म्हटलं, योग्य टप्प्यावर. तो म्हणाला, बरं साहेब.

दोघंही हल्ली मला साहेब म्हणतात. मी सांगितलेलं नाही. आदर असा आपोआप यावा लागतो.

मापाची नवी टेप आणली. पिवळी. तिची वेष्टनातली गुंडाळी इतकी व्यवस्थित आहे की सोडवत नाही.

१३ फेब्रुवारी, गुरुवार

आज फील्डवर्क.

क्लिनिकच्या काचेच्या दारापर्यंत गेलो. आत भिंतीला लागून खुर्च्यांची रांग. सगळी माणसं दाराकडे तोंड करून. मी दाराला हात लावला तशी सगळी माझ्याकडे बघायला लागली. एका आजोबांनी आत ये म्हणून हातानं खूण केली. एक आजी बाजूच्या खुर्चीवरची पिशवी उचलून मांडीवर घ्यायला लागल्या, मला बसायला जागा म्हणून.

परत आलो.

निरीक्षण: वेटिंग रूममध्ये सगळे दाराकडे बघतात. हे अजून कोणाच्या लक्षात आलेलं नसणार.

१७ फेब्रुवारी, सोमवार

आज संध्याकाळपर्यंत मापं द्यायची होती. दिली.

पद्धत नोंदवून ठेवतो. आपण सगळे माणसंच. सांगाडा एकच. खोलीतल्या खुर्चीवर बसून, पायाखाली जाड पुस्तक घेऊन, मग काढून, स्वतःची सगळी मापं घेतली. आता माझे पाय जरा लांब आहेत हे खरं. आणि वय झालं की माणूस थोडा खचतो. म्हणून प्रत्येक आकड्यातून थोडं कमी केलं. मग विचार केला की वयस्कर माणसांना ऐसपैस लागतं, म्हणून तेवढंच वाढवलं. आकडे होते तिथेच आले. म्हणजे मूळ आकडे बरोबर होते.

ग्रुपवर टाकले. पाठ मागे कलती ठेवा असंही लिहिलं. तो माझा आग्रह आहे. कात्रीनं विचारलं, किती जणांची घेतलीस? लिहिलं, पुरेशांची. घड्याळनं अंगठा टाकला.

टेप वेष्टनात परत गुंडाळायला बराच वेळ लागला. पहिल्यासारखी बसली नाही.

२४ फेब्रुवारी, सोमवार

मॅडमसमोर छोटं मॉडेल ठेवलं. कात्रीनं सुंदर केलंय, तळहातावर मावणारं. मॅडमनी ते फिरवून फिरवून बघितलं. म्हणाल्या, डौल चांगला आहे, पण कल फार नाही वाटत? मी म्हटलं, मापं तसंच सांगतात. त्या म्हणाल्या, मापं कोणी घेतली? दोघांनी माझ्याकडे बोट दाखवलं. असं श्रेय उघडपणे देणारे सहकारी विरळाच.

मग त्यांनी शेवटच्या ज्यूरीचा, म्हणजे परीक्षणाचा, त्यांचा नियम पुन्हा सांगितला. प्रत्येकानं उभं राहून आपण स्वतः काय केलं ते एकेका वाक्यात सांगायचं. प्रत्येक वाक्याला गटातल्या बाकीच्यांनी मान डोलवायची. मान हलली नाही तर ते वाक्य खोडलं जाणार. जेवढी वाक्यं उरतील तेवढाच तुमचा वाटा. त्यावर मार्क.

मी वाक्यांची तयारी सुरू केली. पहिलं: प्रकल्पाची दिशा मी ठरवली.

२८ फेब्रुवारी, शुक्रवार

आंघोळ केली.

४ मार्च, मंगळवार

वर्कशॉपला भेट. घड्याळ प्लायवूड कापत होता, कात्री जोड बसवत होती. दोघांच्या भुवयांवर भुसा. मी देखरेखीला उभा राहिलो. वर्कशॉपचे काका म्हणाले, बाळ, टेकायचं असेल तर भिंतीला टेक, मशीनला नको, ती चालू होते. भिंतीला टेकलो. तिथून चित्र जास्त स्पष्ट दिसतं.

कात्रीनं मला सॅंडपेपर दिला. एक कड घासली. बरी घासली असावी, कारण नंतर तिनं ती पुन्हा घासली, म्हणजे आवडली असणार.

संध्याकाळी ताईचा फोन. उचलला नाही. तिला तेच तेच सांगायचा कंटाळा येतो आणि दुसरं काही सांगायला नसतं.

१० मार्च, सोमवार

पूर्ण मापाचा मॉक-अप, म्हणजे नमुन्याची खुर्ची, तयार. टेंपोतून क्लिनिकमध्ये नेला. मी पुढे ड्रायव्हरशेजारी, ते दोघं मागे खुर्ची धरून.

वेटिंग रूम भरलेली. फिजिओबाईंनी, म्हणजे क्लिनिक चालवणाऱ्या बाईंनी, जागा करून दिली आणि विचारलं, कोण बसून बघतंय? एक ठेंगण्या आजी पुढे आल्या. शाळेत गणित शिकवून निवृत्त झालेल्या. तिथे त्यांना सगळे हेडबाई म्हणतात. काठी घड्याळच्या हातात देऊन त्या बसल्या.

पाय जमिनीला लागेनात. पाठ टेकावी म्हणून त्या मागे सरकल्या, आणि सरकतच गेल्या. शेवटी पाठ टेकली तेव्हा त्यांच्या चपलांचे तळवे आमच्याकडे बघत होते.

मग आतून आवाज आला, अरे, ही खुर्ची आहे की विहीर? दोर टाका कोणीतरी.

सगळी वेटिंग रूम हसली. कोपऱ्यातले आजोबा म्हणाले, बाई, बसा आता तिथेच निवांत, आमचा नंबर लवकर लागेल. हेडबाई म्हणाल्या, मी वर आले की तुमच्याकडे बघते. उठायचा प्रयत्न केला. जमेना. दुसऱ्यांदा केला. या वेळी त्या हसत नव्हत्या. फिजिओबाई, कात्री आणि घड्याळ, तिघांनी मिळून त्यांना बाहेर काढलं. उभ्या राहिल्यावर त्यांनी आधी पदर सारखा केला, मग काठी मागितली.

फिजिओबाई म्हणाल्या, आमच्या कोणाच्या मापाची आहे ही? तुम्ही मापं घ्यायला कधी आला होतात? मला आठवत नाही. दोघांनी माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, त्या दिवशी गर्दी होती.

येताना तिघंही टेंपोच्या मागे बसलो. मला काही वाटलं नाही. वाटायला हवं होतं हे कळलं, पण ते बाहेरून कळलं, दुसऱ्याचा निरोप मिळावा तसं.

११ मार्च, मंगळवार

वर्कशॉपमध्ये कात्री म्हणाली, बस. मी म्हटलं, कुठे? ती म्हणाली, दुसरी खुर्ची दिसतेय का तुला?

बसलो. तळवे जमिनीवर सपाट. गुडघ्यामागे बोटभर फट. कोपरं खुर्चीच्या हातांवर अलगद. मान जिथे पडावी तिथे पाठीचं टोक. इतकी आरामशीर खुर्ची आयुष्यात बघितली नाही. तसं सांगितलं.

घड्याळनं तोंड दुसरीकडे फिरवलं. कात्री खुर्चीभोवती एक फेरी मारून आली. म्हणाली, वा. एका पेशंटची सोय झाली.

मी समजावून सांगणार होतो की सांगाडा एकच असतो. ती म्हणाली, नको. नुसतं सांग, गेला होतास का तिथे? मी म्हटलं, दारापर्यंत. ती म्हणाली, दारापर्यंत. मग घड्याळला म्हणाली, चल, लाकूड किती उरलंय बघू.

घड्याळ जाताना म्हणाला, साहेब, आता उठा.

लगेच नाही उठलो. काका वर्कशॉप बंद करायला आले तेव्हा उठलो.

१२ मार्च, बुधवार

कामांची फेरवाटणी. मापं आता दोघं घेणार. माझ्याकडे सुपरव्हिजन. मी विचारलं, म्हणजे नेमकं काय? कात्री म्हणाली, मध्ये येऊ नकोस. प्रमुखाला नेमकं हेच जमलं पाहिजे. पुष्कळांना जमत नाही.

वाक्यं: एक, दिशा मी ठरवली. दोन, सहकाऱ्यांना स्वातंत्र्य दिलं. तीन, चुकीची शक्यता प्रत्यक्ष दाखवून देणारा मॉक-अप माझ्या आकड्यांमुळे झाला. तिसरं सगळ्यांत भक्कम आहे.

१४ मार्च, शुक्रवार

ग्रुपवर दोन दिवस एकही मेसेज नाही. शांतता हे चांगल्या टीमचं लक्षण.

दुपारी कॅन्टीनमध्ये घड्याळच्या फोनवर एका ग्रुपचं नाव दिसलं: खुर्ची दोन. त्यात मेसेज पटापट येत होते. म्हणजे दुसऱ्या आवृत्तीचा वेगळा ग्रुप. मला अजून जोडायचा राहिलाय. कामाच्या गडबडीत होतं असं. आठवण करून देणार होतो, पण त्याचा चहा संपला होता.

१७ मार्च, सोमवार

दुपारी घड्याळ स्वतःहून बोलला. मापं घ्यायला एक मापतो, एक लिहितो. पण पेशंट खुर्चीत असताना टेपचं खालचं टोक टाचेपाशी धरायला तिसरा माणूस लागतो, नाहीतर टेप सरकते. फिजिओबाईंना पेशंट सोडून वाकता येत नाही. उद्या नऊला येशील का?

म्हणजे माझ्याशिवाय अडलं.

संकल्प: सातला उठणे.

१८ मार्च, मंगळवार

घड्याळनं दार वाजवून उठवलं. दार म्हणजे चांगलं बुकललं. मी म्हटलं, मी जागाच होतो. तो म्हणाला, डोळे उघडून बोल. शर्ट उलटा घातला गेला, ते क्लिनिकमध्ये कळलं.

सकाळभर फरशीवर बसून टेपचं टोक धरलं. वर काय चाललंय ते दिसत नव्हतं. मला दिसल्या टाचा. भेगा पडलेल्या, मोजे रफू केलेल्या, एक सुजलेली, जिला हात लागू नये म्हणून मी श्वास धरून बसलो. कात्री वरून म्हणायची, जमिनीला लाव. मी लावायचो. ती आकडा म्हणायची, घड्याळ लिहायचा. आकडे माझ्याहून फारच कमी येत होते. प्रत्येकाचा वेगळा.

मग पायाच्या नखांना लालभडक नेलपॉलिश लावलेले पाय समोर आले. वरून आवाज आला, तू तो विहीरवाला ना? हेडबाई. मी म्हटलं, हो. त्या म्हणाल्या, नेलपॉलिश नातीनं लावलंय, हसायचं नाही. मी हसत नव्हतो. त्या म्हणाल्या, हसलास तरी चालेल रे, इतका का सुतकी?

मापं झाल्यावर फिजिओबाईंनी त्यांच्याकडून उठण्याचा व्यायाम करून घेतला. आधी पाय मागे घ्या. मग पुढे वाका, नाक गुडघ्यांच्या पुढे. आता ढकला. हेडबाई उठल्या. खाली मीच उरलो होतो. त्या म्हणाल्या, ऊठ की आता. मी म्हटलं, थांबतो जरा. त्या म्हणाल्या, माझे दोन्ही गुडघे बदललेले आहेत. तुझं काय बदललंय?

मी म्हटलं, विचार करतोय. त्या म्हणाल्या, विचार उभं राहून कर.

  

२१ मार्च, शुक्रवार

तीन दिवस खोलीतच. अंगात बारीक कणकण होती किंवा नव्हती. ताईनं तीनदा फोन केला. शेवटी मेसेज केला, जिवंत असशील तर अंगठा टाक. टाकला.

२४ मार्च, सोमवार

वर्कशॉपला गेलो. नवी खुर्ची जवळजवळ तयार. बुटकी, उथळ, पाठ जवळपास सरळ, हात पुढे जास्त आलेले, उठताना रेटा देता यावा म्हणून. दिसायला पहिलीइतकी डौलदार नाही. तसं बोललो. कात्रीनं रंधा थांबवला, पुन्हा चालू केला.

मी विचारलं, काही मदत? घड्याळ म्हणाला, झालंय सगळं. चिडून नाही म्हणाला. चिडून म्हणाला असता तर काही उत्तर देता आलं असतं.

बसून बघितली. गुडघे छातीशी आले.

२७ मार्च, गुरुवार

ज्यूरी. सकाळी क्लिनिकमध्ये, दुपारी स्टुडिओत.

क्लिनिक: हेडबाई बसल्या. पाय जमिनीवर. मॅडम, फिजिओबाई, बाहेरून आलेले एक सर, सगळे बघत होते. हेडबाईंनी काठी बाजूला ठेवली, पाय मागे घेतले, वाकल्या, हात रेटले आणि उभ्या राहिल्या. कोणाचाही हात न धरता. टाळ्या झाल्या. त्या म्हणाल्या, थांबा, परत दाखवते. पुन्हा बसल्या, पुन्हा उठल्या. कोपऱ्यातले आजोबा म्हणाले, बाई, आता आम्हाला बसू द्या की. त्या म्हणाल्या, रांगेत या. कात्रीचे डोळे भरले होते. तिनं भुसा गेला म्हणून चोळले. खुर्चीवर भुसा नव्हता.

स्टुडिओ: वाटा सांगायची वेळ. कात्री उभी राहिली, पाच-सहा वाक्यं बोलली. प्रत्येकाला घड्याळनं मान डोलवली, मीही डोलवली. मग घड्याळ. तसंच. मग मी.

मी म्हटलं, प्रकल्पाची दिशा मी ठरवली. कोणाची मान हलली नाही. मॅडमनी खोडलं.

म्हटलं, सहकाऱ्यांना स्वातंत्र्य दिलं. घड्याळ टेबलाकडे बघत होता. खोडलं.

म्हटलं, पहिला मॉक-अप माझ्या मापांवर झाला. कात्री म्हणाली, याला मान डोलवायची की नाही मला खरंच कळत नाही. बाहेरचे सर हसले. मॅडम नाही हसल्या. म्हणाल्या, मापं कोणाची, असं विचारते. मी म्हटलं, माझी. त्या म्हणाल्या, तू घेतलेली की तुझी? मी म्हटलं, दोन्ही. खोडलं.

म्हटलं, सुपरव्हिजन. खोडलं. म्हटलं, एक कड घासली. कात्री म्हणाली, ती जुन्या खुर्चीची होती. खोडलं.

मग तयारी संपली. बाहेर कोणीतरी टेबल सरकवत होतं. मॅडम म्हणाल्या, आणखी काही? मी बसणार होतो.

म्हटलं, टेपचं दुसरं टोक मी धरलं.

दोघांनीही मान डोलवली. घड्याळनं लगेच, कात्रीनं जरा थांबून. मॅडमनी लिहून घेतलं. बसलो तेव्हा पाय थरथरत होते. इतक्या दिवसांत पहिल्यांदा काहीतरी झालं, आणि तेही गुडघ्याखाली.

२८ मार्च, शुक्रवार

मॅडमनी केबिनमध्ये बोलावलं. कात्री आणि घड्याळ पास, वरच्या श्रेणीत. माझ्याबद्दल त्या म्हणाल्या की एका वाक्यावर पास करता येत नाही. नापासही लगेच करत नाही, कारण ते एक वाक्य खरं आहे. फिजिओबाईंना पेशंटांच्या पायाखाली ठेवायचं एक स्टूल हवंय. सोमवारपासून रोज सकाळी नऊला क्लिनिक. प्रत्येक पेशंटचं माप स्वतः घ्यायचं. स्टूल एकट्यानं करायचं. एप्रिलअखेर ते तिथे वापरात असलं तर स्टुडिओ पास. नसलं तर वर्ष परत. मी म्हटलं, एकट्यानं टेप कशी धरणार? त्या म्हणाल्या, ते फिजिओबाई दाखवतील, त्यांच्याशी मी बोलले आहे.

मग म्हणाल्या, आणि आपल्याकडे समुपदेशक बसतात, त्यांच्याकडेही जाऊन ये. मी म्हटलं, मी ठीक आहे. त्या म्हणाल्या, मी विचारलं नाही, सांगितलं.

बाहेर घड्याळ भेटला. म्हणाला, काय झालं? सांगितलं. तो म्हणाला, नऊ म्हणजे पावणेनऊ, हां. कात्री लांबून जात होती. तिनं हात केला की केस सारखे केले, ते ठरवता आलं नाही.

संध्याकाळी ताईला फोन केला. मी केला. ती घाबरूनच बोलली, काय झालं? म्हटलं, काही नाही. मग सांगितलं. सगळं नाही, पण बरंच. मग म्हणाली, बाबांना मी आता काही सांगत नाही, तू सांगशील. आणि सोमवारी मी आठला फोन करून उठवते.

म्हटलं, गरज नाही, मी उठतो.

ती म्हणाली, बरं.

म्हटलं, साडेसातला कर. उचलला नाही तर परत कर.